होम स्लॅश सुनंदा

मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला सुनंदाने एंटरचं बटण दाबलं आणि चहाची बशी उचलली. बटण दाबल्यापासून तक्ता पुरा व्हायला बशीभर चहा लागतो, हे तिला चार वर्षांत पाठ झालं होतं. पण बशी ओठांपर्यंत पोचायच्या आतच काळ्या पडद्यावर चार-पाच ओळी भसकन उमटल्या आणि त्यांच्याखाली तो चौकोनी ठिपका लुकलुकत उभा राहिला. तक्ता नाही, नाटे बंदराचं नाव नाही, बांगडा नाही, सौंदाळा नाही. तिने बशी खाली ठेवली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आपल्या हातून काहीतरी मोडलं, हा तिचा पहिला विचार. कुणी पाहिलं का, हा दुसरा. दोन्ही विचार इतके जुने, वापरून वापरून इतके गुळगुळीत झालेले, की ते येतात आणि जातात हेसुद्धा तिच्या ध्यानात येत नसे. बाहेर श्रावणातली एक सर येऊन गेली होती, कार्यालयाच्या कौलांवरून पागोळ्या गळत होत्या आणि केरू शिपाई दाराशी छत्री उघडून वाळत घालत होता. त्याने काही पाहिलेलं नव्हतं. मग ती पुढे वाकली. इंग्रजी तिला वाचता येई, सावकाश, एकेक शब्द बोटाखाली धरून. पडदा म्हणत होता की चंद्राच्या कलांची लायब्ररी सापडत नाही. आणि पुढे, कुणी विचारलेलं नसताना, आपण ती कुठे कुठे शोधली याची लांबलचक यादीच त्याने दिली होती: स्लॅश यूएसआर, स्लॅश लिब, स्लॅश पर्ल फाइव्ह, आणि असंच बरंच काही. थोडक्यात, चंद्र हरवला होता. एवढ्या घाबऱ्या अवस्थेतही तिला त्याचं हसू आलं, आणि हसू आलं म्हणून ती आणखी घाबरली.

"काय झालं मोहितेबाई?" आतल्या खोलीतून लिमयेसाहेबांनी विचारलं.

"प्रोग्रॅम चालत नाहीये साहेब."

उन्मेष लिमये बाहेर आले आणि मशीनपासून दोन हात अंतरावर थांबले. मासळीच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या लहानशा कार्यालयात ते जूनमध्ये साहेब म्हणून आले होते. तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. आदल्या दिवशी त्यांनी एक शिस्त लावली होती. त्यांच्या आधीचा सलिल केळकर नोकरी सोडून बंगळूरला गेला, तरी सगळे त्याच्याच नावाने मशीनमध्ये शिरत होते. गेलेल्या माणसाच्या नावावर काम चालायचं नाही, ज्याने त्याने आपापल्या नावाने शिरायचं. मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस सोमवारी येऊन सलिलचं खातं त्याच्या सगळ्या पसाऱ्यासकट पुसून गेला होता आणि सुनंदाच्या नावाचं नवं उघडून गेला होता.

"तुम्ही काही दाबलंत का?"

"एंटर."

"राहू दे. आता हात लावू नका. शुक्रवारी त्या माणसाला परत बोलावतो. तसंही हे जुनं सगळं पुसून विंडोज टाकायचंच आहे."

"आणि तक्ता?"

"मुंबईला महिनावार आकडे लागतात, बाई. ते वह्यांवरून करू. तिथीवार कुणी मागितलंय?"

साहेब आत गेले. कुणी मागितलंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाट्याच्या बंदरावर सावित्री नावाची बाई रोज सकाळी होड्या लागल्या की कार्यालयाच्या वहीत मासळी लिहीत असे, कुठली आणि किती टोपल्या. आणि त्या वहीच्या बदल्यात दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी तिला तो तक्ता हवा असे. गेल्याच आठवड्यात तिने नाट्याच्या एसटीच्या कंडक्टरकडून निरोप धाडला होता: औंदा तक्ता कधी? आणि पौर्णिमा आता बरोबर आठवड्यावर होती.

खरं तर त्या तक्त्याची सुरुवात सुनंदाच्याच तोंडून गेलेल्या एका वाक्यापासून झाली होती, पण हे ती कधी कुणाला सांगत नसे. सलिल आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, पुण्याचा, मासे न खाणारा. आणि चार महिन्यांत त्याला मुडदुशी आणि पेडवे यांच्यातला फरक वासावरून कळायला लागला होता. तो दिवसभर पेन चघळत पर्ल नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिही आणि त्यात माशांची नावं घाली. पडद्यावर त्या रुक्ष खुणांच्या गर्दीत मधेच 'बांगडा' दिसला की सुनंदाला बाजारात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटे. एकदा तो महिनावार आकड्यांकडे बघत म्हणाला, यातून काही कळतच नाही. आणि टाइप करता करता, मान वर न करता, ती बोलून गेली, "मासळीला जुलै-ऑगस्ट कुठे ठाऊक असतो साहेब? तिला भांग आणि उधाण ठाऊक." खाडीकाठच्या तिच्या वाडीत तिची आई तारीख कधी विचारत नसे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी जितकं चढतं तितकंच खोल उतरतं, मग एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात, आणि आई कोयता आणि टोपली घेऊन कालवं काढायला निघे. अष्टमीच्या आसपास भांगाचं मंद पाणी असलं की म्हणे, आज काही खरं नाही, आज गोधडी शिवू. खडकावरून परतलेल्या आईच्या हातांचा तो खारट, लोखंडी वास. सलिलने पेन चघळायचं थांबवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने कुठून तरी ती लायब्ररी आणली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. जगाच्या पाठीवर कुणीतरी बसून चंद्राचं सगळं गणित एकदाच मांडलेलं आणि सगळ्यांना घ्यायला ठेवून दिलेलं. कोणीही घ्यावं? तिने दोनदा विचारलं होतं. कोणीही घ्यावं, तो म्हणाला होता. मग आपल्या प्रोग्रॅमने फक्त म्हणायचं, मला ते हवंय, की पर्ल ते शोधून आणतं. तारीख दिली की चंद्र किती दिवसांचा ते सांगतं. ज्या दिवशी पहिला तक्ता निघाला, डाव्या बाजूला तिथी, तिच्यापुढे चंद्राचा लहानसा गोल, त्याच्यापुढे मासळीच्या टोपल्यांसाठी चांदण्यांची रांग, त्या दिवशी ती घरी चालत गेली होती. रिक्षा दिसत असूनही.

हात लावू नका. दिवसभर ते तीन शब्द तिच्या मानेशी माशीसारखे बसत उठत राहिले. लिमयेसाहेबांच्या बोलण्यात तसं काही नव्हतं, हे तिला कळत होतं. ते केरूलाही तसंच म्हणाले असते. पण शब्द बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते पाहून आत येत नाहीत. राजापूर तालुक्यातल्या तिच्या शाळेत, ती आठ वर्षांची असताना, कपाटातून पृथ्वीचा गोल काढून गुरुजींनी टेबलावर ठेवला होता आणि एकेका मुलाला बोलावून तो फिरवायला सांगितलं होतं. तिची, गावकुसाबाहेरच्या वाडीतल्या पोरीची, पाळी आली तेव्हा गुरुजी हसून, अगदी प्रेमाने म्हणाले, तू लांबून बघ हां. गोल त्यांनीच फिरवला तिच्यासाठी. निळा समुद्र सर्रकन गेला, आफ्रिका गेली, आणि ती हात मागे बांधून बघत राहिली. त्या मे महिन्यात तिचे बाबा मुंबईहून आले. त्यांचं नाव सखाराम, ते गिरणीत फिटर होते; त्यांना तिने सहज सांगितलं, त्यात रडण्यासारखं काही आहे हे तिला अजून कळलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून बंद पडलेलं एक गजराचं घड्याळ आणि पेचकस काढला आणि दोन्ही तिच्या पुढ्यात ठेवले. "सुनी, हे तुझं. उघड." "मोडलं तर?" "मोडलेलंच आहे. उघड तू." तिने चार स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि आतली स्प्रिंग अशी काही उसळली की थेट वाशात जाऊन अडकली, कोंबड्या ओरडत अंगणात पळाल्या आणि बाबा पोट धरधरून हसत खाली बसले. ते घड्याळ पुढे कधीच चाललं नाही. पण त्या महिन्यात तिने ते अकरा वेळा उघडलं आणि दहा वेळा बंद केलं होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती लवूच्या एसटीडी बूथवर गेली. लवूकडे फोन होता, झेरॉक्स होतं आणि अलीकडे इंटरनेटचं एक मशीनही होतं, ज्यावर तो स्वतः पत्ते खेळत बसे. सलिलचा बंगळूरचा नंबर तिने डायरीत लिहून ठेवला होता आणि पडद्यावरची ती सगळी यादीही, अक्षर न् अक्षर, उतरवून आणली होती. बूथची काच बंद होत नव्हती. मागे तीन माणसं रांगेत होती.

"सलिलसाहेब, मी मोहिते. रत्नागिरी."

"बाई!" पलीकडून तो इतक्या जोरात ओरडला की रांगेतल्या माणसांनीही ऐकलं. "काय म्हणतोय बांगडा?"

तिने झालेलं सांगितलं. तो म्हणाला, यादी वाचून दाखवा, सावकाश. तिने वाचायला सुरुवात केली. स्लॅश यूएसआर, स्लॅश लिब, स्लॅश पर्ल फाइव्ह, स्लॅश फाइव्ह पॉइंट एट पॉइंट झिरो. मग दुसरं ठिकाण, मग तिसरं. रांगेतली माणसं कान देऊन ऐकत होती. लवूने पत्ते खेळायचं थांबवून विचारलं, "ताई, कोण हरवलंय काय?"

"चंद्र," ती म्हणाली आणि रिसीव्हरवर हात ठेवून हसली.

"त्यात कुठे माझं घर आहे का?" सलिल विचारत होता. "होम स्लॅश सलिल?"

"नाही."

"मग बरोबर आहे. बाई, मला त्या मशीनची मोठी किल्ली कधी दिलीच नव्हती कंपनीने. सगळ्यांसाठीच्या कपाटात काही ठेवायची परवानगी नव्हती मला. म्हणून मी चंद्र माझ्या घरात ठेवला होता आणि पर्लला सांगून ठेवलं होतं की तिथेही बघत जा. त्यांनी माझं घर पाडलं, चंद्र गेला. प्रोग्रॅम आणि वह्यांचे आकडे सगळ्यांच्या जागेत आहेत, ते शाबूत असतील. तुमचं घर कुठे बांधलंय?"

"माझं?"

"तुमच्या नावाने खातं उघडलं ना? मग घर असणारच. होम स्लॅश सुनंदा. तिथे तुम्ही काहीही ठेवू शकता, कुणाला विचारायचं कारण नाही." मग तो घाईघाईने म्हणाला की लायब्ररी मी आज लवूच्या ईमेलवर पाठवतो, फ्लॉपीवर घ्या, सोबत पाच ओळी लिहून देतो, त्या तशाच्या तशा टाइप करा. शेवटी त्याने विचारलं, "नाट्याला तक्ता जायचाय ना अजून?" ती हो म्हणाली. "मग हात लावा बाई. तुम्हाला जमेल."

परत येताना तिने छत्री उघडली नाही, आणि हे तिच्या लक्षात आलं ते केरूने "भिजलात की" म्हटल्यावर. होम स्लॅश सुनंदा. त्या मशीनच्या पोटात सोमवारपासून आपल्या नावाचं एक दार आहे आणि आपण दोन दिवस ते न उघडताच बाहेरच्या बाहेर वावरतोय, याचं तिला फार नवल वाटत होतं.

गुरुवारी लिमयेसाहेब बैठकीला गेले आणि दुपारी कार्यालय रिकामं झालं. तिने लवूकडून भरून आणलेली फ्लॉपी सरकवली. ती आत ओढली जाताना होणारा करकर आवाज एवढा मोठा आहे हे तिला कधी जाणवलं नव्हतं. पहिली ओळ टाइप केली, मशीनने ती घेतली. दुसरी. तिसरीत तिने म्हटलं होतं की हे सगळं होम स्लॅश सुनंदामध्ये उतरव. चौथी. पाचवी. पडद्यावर भराभर ओळी सरकल्या, इन्स्टॉलिंग, इन्स्टॉलिंग, आणि सगळं शांत झालं. तक्रार नाही, काही नाही. मग सलिलच्या सांगण्याप्रमाणे तिने प्रोग्रॅमची एक प्रत आपल्या घरात घेतली आणि तिच्या माथ्यावर एक ओळ घातली: होम स्लॅश सुनंदा स्लॅश लिब, इथेही बघत जा. तिने एंटर दाबलं. चंद्र सापडत नाही. तेच वाक्य, तीच यादी, फक्त यादीच्या तोंडाला आता तिचं स्वतःचं नाव होतं. म्हणजे पर्ल तिच्या घरी येऊन गेलं होतं, बघून गेलं होतं, आणि त्याने चारचौघांत जाहीर केलं होतं की हिच्याकडेही काही नाही. तिने पुन्हा पाची ओळी टाइप केल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाइप करताना बोटं चुकायला लागली. तिला वाटलं, सगळं नीट झालंय असं म्हणणारं मशीन आणि काहीच नाही असं म्हणणारं मशीन एकच कसं असेल? खोटं कोण बोलतंय? पाच वाजता केरू किल्ल्या खुळखुळवत उभा राहिला तेव्हा ती उठली. सलिलला परत फोन करावा असं मनात आलं आणि तिने तो केला नाही. का केला नाही हे तिला नीट सांगता आलं नसतं. काहीसा संकोच होता. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि तिला नाव नव्हतं. घड्याळाचं झाकण उघडं असताना कुणीतरी येऊन ते पटकन लावून देईल की काय, अशी ती धास्ती होती.

संध्याकाळी ती भाकऱ्या थापत असताना नवऱ्याने, अमरदीपने, विचारलं, "कुठे आहेस?" तो शाळेत शिक्षक होता आणि त्याला असे प्रश्न विचारायची सवय होती.

"मला सांग," ती म्हणाली, "तुझ्या वर्गातल्या पोराने वही आणलीय आणि ती दप्तरातच आहे. तू दप्तर बघितलंस आणि म्हणालास, नाही. असं कसं होईल?"

अमरदीपने तुकडा मोडता मोडता विचार केला. "दप्तरात पिशवी असेल, पिशवीत डबा असेल, डब्याखाली वही असेल. मी वरवर बघितलं असेल. वर्गात पन्नास दप्तरं असतात बाई, कोण आत हात घालतो?"

तव्यावरची भाकरी करपली. तिने ती तशीच उलथली आणि त्याच्या ताटात वाढली, आणि त्याने तसाच करपलेला तुकडा मोडला, कारण सुनंदा हसत होती.

शुक्रवारी नवाला दहा मिनिटं असताना ती कार्यालयाच्या पायरीवर होती. केरूने दार उघडलं. कंपनीचा माणूस अकराला येणार होता. तिने प्रोग्रॅम चालवला, चंद्र सापडत नाही म्हणणारी ती यादी प्रिंटरवर काढली, खडखडत कागद बाहेर आला, आणि तो टेबलावर पसरून ती पेन्सिल घेऊन बसली. एकेका ठिकाणापुढे टिंब. ही सगळी ती दारं, जिथे पर्ल जातं. आता प्रश्न एवढाच की चंद्र खरोखर गेला कुठे. सलिलने तिला एकदा एक आज्ञा शिकवली होती, तिची टाइप केलेली पत्रं हरवत तेव्हा: फाइंड. कुठून शोधायचं आणि काय शोधायचं एवढं सांगितलं की ते मशीन कोपरान् कोपरा धुंडाळतं. तिने लिहिलं: माझ्या घरापासून शोध, चंद्राची फाइल. एंटर. क्षणभर काही नाही. मग एक ओळ. एकच.

होम, स्लॅश सुनंदा, स्लॅश लिब, स्लॅश पर्ल फाइव्ह, स्लॅश साइट पर्ल, स्लॅश फाइव्ह पॉइंट एट पॉइंट झिरो, स्लॅश ॲस्ट्रो, आणि त्यात चंद्र.

तिने ती ओळ वाचली. मग पेन्सिलीचं टोक यादीतल्या आपल्या नावावर नेलं. तिथे लिहिलं होतं, होम स्लॅश सुनंदा स्लॅश लिब, आणि तिथेच संपलं होतं. पर्ल लिबच्या दारापर्यंत येत होतं, उंबऱ्यावरून बघत होतं, आणि परत जात होतं. आणि ज्याने चंद्र आणून ठेवला त्याने तो आणखी तीन खोल्या ओलांडून, पार आत नेऊन ठेवला होता. कुणीच खोटं बोलत नव्हतं! इन्स्टॉलिंग म्हणणारं खरं होतं आणि सापडत नाही म्हणणारंही खरं होतं. दोघांनी एकमेकांना पत्ता तेवढा सांगितला नव्हता. तिला छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं, आणि ते वर चढत घशापर्यंत आलं आणि तोंडातून चक्क "अगं बाई!" असं बाहेर पडलं. केरू झाडू घेऊन धावत आला. "काय झालं?" "काही नाही, थांब. इथेच उभा राहा." प्रोग्रॅमच्या माथ्यावरची ओळ तिने उघडली आणि अर्धा पत्ता पुरा केला. एकेक अक्षर टाइप करताना ती ते मोठ्याने म्हणत होती, आणि केरू, त्याला काही कळत नसताना, प्रत्येक स्लॅशला मान डोलावत होता. साइट आणि पर्ल यांच्यामधल्या खालच्या दांडीसाठी तिने दोनदा खोडलं. मग हात पदराला पुसले आणि एंटर दाबलं.

पडदा गप्प राहिला. तिने चहा मागवलेला नव्हता, हातात धरायला बशी नव्हती, त्यामुळे तो वेळ भलताच लांब झाला. आणि मग वरून खाली तक्ता सुरू झाला. शुद्ध प्रतिपदा, त्यापुढे नखाएवढा गोल, चांदण्या. द्वितीया. तृतीया. नाटे, आणि नाट्यापुढे बांगडा, सरंगा, कोळंबी. अष्टमीपाशी चांदण्या विरळ झाल्या, जशा व्हायला हव्या होत्या, आणि चतुर्दशीपासून पुन्हा दाटत गेल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडू नव्हतं. फार थंड पाण्यात एकदम उडी मारली की येतं तसलं काहीतरी होतं. केरू म्हणाला, "हे तर दर वर्षी येतं." "होय," ती म्हणाली, "पण यंदा मी आणलंय."

लिमयेसाहेब आले तेव्हा प्रिंटर ओरडत होता. ते दारातच थांबले.

"हात लावलात?"

"लावला, साहेब."

तिला वाटलं होतं की आता कानांच्या पाळ्या गरम होतील. झाल्या नाहीत. साहेब जवळ आले; प्रथमच त्या दोन हातांच्या आत आले. त्यांनी कागद उचलला, चंद्राच्या गोलांवरून नजर फिरवली. "काय झालं होतं?" त्यांनी विचारलं, आणि तिने सांगितलं. यादी दाखवली, टिंबं दाखवली, अर्धा पत्ता आणि पुरा पत्ता. सांगता सांगता तिचा आवाज वाढत गेला. साहेब ऐकत राहिले आणि मग एकदम, आतला दरवाजा लोटून, हलक्या आवाजात म्हणाले, "खरं सांगू का बाई, मला या काळ्या पडद्याची भीती वाटते. कॉलेजात एकदा मी सगळ्या लॅबचं काम पुसलं होतं. दोन वर्षं मला सगळे 'डस्टर' म्हणत." सांगून झाल्यावर त्यांनी स्वतःच असं तोंड केलं की सुनंदाला हसू आवरेना, आणि मग दोघंही हसले. अकराला कंपनीचा माणूस बॅग घेऊन आला. साहेबांनी त्याला बाहेरच्या बाहेर सांगितलं, "याला नको. विंडोज माझ्या खोलीतल्या मशीनवर टाका. हे मोहितेबाईंचं आहे." मग सुनंदाकडे वळून, "हे सगळं मराठीत लिहून ठेवाल का? मलाही वाचता येईल असं."

दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती म्हणून, ती स्वतःच तक्ता घेऊन नाट्याच्या एसटीत बसली. कागद जोडून केलेली ती लांब गुंडाळी तिने प्लास्टिकमध्ये बांधून मांडीवर आडवी धरली होती. पावस गेलं, पूर्णगडचा पूल गेला, आडिवऱ्याला पाऊस थांबला आणि ओल्या कातळावर गवत असं लखलखायला लागलं की तिने खिडकी उघडली. बंदरावर होड्या अजून वर ओढलेल्याच होत्या, माणसं त्यांना रंग काढत होती, जाळी पसरलेली होती. सावित्रीने सोसायटीच्या पडवीत तक्ता खिळ्यांना लावून घेतला, चष्मा चढवला आणि बोट वरून खाली फिरवायला लागली. तिला अक्षरं बेताची येत, पण चंद्राचे गोल ती घरच्या भांड्यांसारखे ओळखत होती. चारपाच बायका मागे जमल्या. "ह्यो बघ आमच्या होडीचा दिवस," कुणी म्हणाली. "सरंग्याचा. ह्योच." बोट एकदम थांबलं.

"सुनंदाबाय, ह्ये तीन दिवस मोकळे कशे गो?"

सुनंदाने पाहिलं. चैत्रातली वद्य दशमी, एकादशी, द्वादशी. गोल होते, पुढे एकही चांदणी नव्हती. "त्या दिवसांत मासळी आली नसेल."

"नाय कशी? ढीग पडला होता बांगड्याचा! मी तापानं निजलेली. वही कोन लिवनार?"

बायका खिदळल्या. सुनंदा तक्त्याच्या अगदी जवळ गेली. म्हणजे मासळी आली होती. लिहिली गेली नव्हती. वहीतलं कोरं पान आणि रिकामा समुद्र, प्रोग्रॅमला दोन्ही सारखेच होते. चार वर्षं सारखेच होते, आणि सलिलच्या ध्यानात आलं नव्हतं, तिच्याही आलं नव्हतं. "सावित्रीवैनी, असं आणखी कधी झालंय?" "होतंय की. लग्नं आसतात, मयती आसतात. सांगू काय?" "सांगा." तिने पर्समधून पेन्सिल काढली, लिहायला दुसरं काही नव्हतं म्हणून तक्त्याच्याच कडेला लिहू लागली, आणि सावित्री एकेक दिवस आठवून सांगत गेली, कुणाचं बारसं, कुणाची पडलेली भिंत, मधेच दुसऱ्या बायका दुरुस्त्या करत. रिकामं वेगळं आणि न लिहिलेलं वेगळं. न लिहिलेल्यासाठी काहीतरी निराळी खूण हवी, एखादी आडवी रेघ. ती कुठल्या ओळीत घालावी लागेल हे तिला दिसत होतं. बांगड्याच्या खाली, जिथे चांदण्या मोजल्या जातात तिथे, एक 'जर' घालायचा. दोन ओळी लागतील, फार तर तीन.

परतीची गाडी तासभर उशिरा होती. सावित्रीने वर्तमानपत्रात बांधून दिलेले सुके पेडवे पिशवीतून दरवळत होते, समोरच्या पाण्यावर ऊन येत होतं आणि जात होतं. थांब्याच्या कठड्यावर बसून सुनंदाने तिकिटाच्या पाठीवर त्या तीन ओळी लिहिल्या, एक खोडली, पुन्हा लिहिली. मग तिच्या ध्यानात आलं की उद्या रविवार आहे, कार्यालयाला कुलूप आहे, आणि हे करून बघायला अख्खा एक दिवस मधे आडवा आलाय. बावीस वर्षांच्या नोकरीत रविवारावर ती कधी चिडली नव्हती. आज चिडली, आणि एकटीच खळखळून हसली.